बेचाळीस सेकंदांचा शेक

घरचं स्वयंपाकघर उस्तादांनी आयुष्यात चार वेळा रंगवलं होतं. त्यात काही शिजवलं म्हणाल, तर एकदाही नाही. कोणता डबा कुठल्या फळीवर आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण त्या फळीखालच्या भिंतीला रंगाचे किती हात बसलेत हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. चहासुद्धा त्यांना आयता लागायचा. एकदा बायको माहेरी गेली असताना त्यांनी चहा करून पाहिला होता आणि त्या पातेल्याला पुढे थिनरनं पुसावं लागलं होतं, असं गल्लीत सांगतात. ते खरं की खोटं, उस्तादांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. ठोकलेल्या, घासलेल्या मोटारींना फवाऱ्यानं रंग द्यायचं काम त्यांनी एकाच गॅरेजात चाळीस वर्षं केलं, आणि त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली माणसं त्यांना उस्ताद म्हणत. पुढे सगळेच म्हणायला लागले. त्यांनी रंगवलेलं दार उरलेल्या गाडीपासून वेगळं ओळखून दाखवावं, अशी पैज गॅरेजचा मालक गिऱ्हाइकांशी लावायचा आणि गिऱ्हाईक हरायचं. निवृत्त झाल्यावरही उस्ताद रस्त्यानं चालताना उभ्या गाड्यांच्या दारांवरून नजर फिरवत आणि मान हलवत जायचे. जगात वाईट रंगकाम फार झालंय, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवून त्यांनी निम्म्या गल्लीचे पाढे पाठ करून घेतले होते. आवाज खणखणीत. बाईंनी नुसतं "काय चाललंय?" म्हटलं, तरी चाळिशीतले बाप्ये हात मागे बांधून उभे राहत.

त्या बाईंना एका सकाळी कपडे वाळत घालताना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. पाण्याचा घोट घेतला की तो अन्नाच्या वाटेनं जायच्याऐवजी श्वासाच्या वाटेनं निघायचा. मग ठसका, डोळे पांढरे, छातीत घरघर. इस्पितळात नाकातून नळी घातली. बाईंनी ती डाव्या हातानं उपटून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा परिचारिका आली, तेव्हा आठ दिवसांत एक धड शब्द न बोललेल्या बाई स्वच्छ म्हणाल्या, "नळी नको."

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं उस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं, की नाकातली नको तर पोटाला छेद देऊन थेट जठरात नळी बसवता येईल. बाईंनी तेही ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी तोडगा निघाला तो असा: सहा आठवडे घरी तोंडानं खाऊन-पिऊन बघायचं. आज वजन पंचेचाळीस किलो आहे. सहा आठवड्यांनी ते निदान सेहेचाळीस भरलं पाहिजे आणि छाती साफ राहिली पाहिजे. नाही भरलं, तर नळी, आणि तेव्हा कुरकुर ऐकून घेतली जाणार नाही.

"पण पोटात जाणार काय? घास तर चालणार नाही," उस्ताद म्हणाले.

"शेक, स्मूदी, दाट सरबतं. सगळं घट्ट. पातळ काही नाही. कसं करायचं ते आमच्या ताई दाखवतील."

ताई म्हणजे बोलण्या-गिळण्याचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट. वयानं उस्तादांच्या मुलापेक्षाही लहान, पण कामाला चोख. तिनं एका पाकिटातली पांढरी पूड दुधात ढवळून दाखवली. पातळ द्रव घशातून धावत सुटतो आणि श्वासनळीचं झाकण लागायच्या आत तिथे पोचतो, घट्ट द्रव सावकाश उतरतो आणि झाकणाला वेळ मिळतो, हेही तिनं नीट समजावलं. "म्हणजे काका, प्रत्येक पेय मधाइतकं घट्ट हवं. गुठळी मात्र एकही नको."

उस्तादांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "ताई, मध कुठला? थंडीतला की उन्हातला?"

"म्हणजे?"

"थंडीतला मध चमच्याला चिकटून बसतो, उन्हातला पळतो. तुम्ही कुठला म्हणताय?"

ताईला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. बाकीचे नातेवाईक मान डोलावून घरी जायचे. "अंदाज येईल हो तुम्हाला," ती म्हणाली, आणि इथेच चुकली. अंदाज या शब्दाचा उस्तादांना तिटकारा होता. गाडीचा रंग फार दाट झाला तर फवाऱ्यातून संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो, फार पातळ झाला तर दारावरून अश्रूंसारखा ओघळतो. म्हणून रंगारी काय करतो? तळाला ठरावीक भोक असलेला पेला रंगानं काठोकाठ भरतो, भोकावरचं बोट काढतो आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजतो. गाडीच्या रंगाचे इतके, लाकडाच्या पॉलिशचे तितके. बाकी सगळ्या बाता.

"या तुमच्या दुधातलं पेलाभर मला घरी न्यायला द्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते भांड्यांच्या दुकानात जाऊन स्टीलचा नवा कोरा पेला आणायचं. जुना रंगाचा पेला त्यांच्याकडे होता, पण त्याला चाळीस वर्षांचा थिनर लागलेला. तो त्यांनी बाईंच्या अन्नाच्या आसपासही येऊ दिला नसता. नव्या पेल्याच्या तळाला बरोबर मध्यभागी सहा मिलिमीटरचं भोक पाडलं, कानस फिरवून कडा गुळगुळीत केली, उकळत्या पाण्यातून तीनदा काढला. मग ताईचं दूध त्यात ओतलं, बोट काढलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. धार तुटली बेचाळीस सेकंदांनी. त्यांनी मास्किंग टेपचा तुकडा फाडला, त्यावर '४२' लिहिलं आणि तो मिक्सरमागच्या भिंतीच्या फरशीवर चिकटवला. पुढचे सहा आठवडे त्या घरात देवाधर्माइतकाच त्या आकड्याचा मान होता.

पलंगावरून बाई हे सगळं बघत होत्या. बेचाळीस वर्षांत ज्या माणसानं कपबशी विसळली नव्हती, तो पेल्याला भोक पाडून आनंदानं शीळ घालत होता.

आणि मग उस्तादांनी स्वयंपाकघराचं गॅरेज करून टाकलं. केळं आणि दूध, पपई आणि दही, नाशपाती शिजवून तिचा लगदा, खजूर भिजवून, शेंगदाण्याचं लोणी, ओटचं पीठ. प्रत्येकाचं माप ठरलेलं, प्रत्येक डब्याला टेप, टेपवर अक्षर. मिक्सर थांबला की रंग गाळायच्या पद्धतीनं सगळं मलमलच्या फडक्यातून गाळायचं, एकदा नाही, तीनदा. रंगात एक कण राहिला तर अख्खं दार पुन्हा घासावं लागतं. इथे राहिला तर काय होईल, ते त्यांना उच्चारवतसुद्धा नव्हतं. मग पेला, मग सेकंद. अडतीस भरले तर थोडी पूड, सत्तेचाळीस भरले तर थोडं दूध. बेचाळीस झाले की चमच्या-चमच्यानं बाईंच्या डाव्या गालात, हनुवटी थोडी खाली, दोनदा गिळलं की पुढचा. दिवसातून सहा वेळा. एकेक पेला संपायला अर्धा तास लागायचा, आणि उस्तादांना त्याची घाई नसायची. दोन हातांच्या मधे रंग सुकायची वाट बघण्यात त्यांचा जन्म गेला होता.

बाईंना पूर्वी लिंबाचा सोडा फार आवडायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं हवेत फसफस करून दाखवली. उस्तादांना कळायला वेळ लागला, पण कळल्यावर ते पेटलेच. बाटलीभर सोडा, लिंबाचा रस, साखर आणि पूड मिक्सरमध्ये टाकून त्यांनी झाकण लावलं, बटण दाबलं. सोडा मिक्सरमध्ये घुसळू नये, हे शेंबड्या पोराला कळतं, पण ते पोर स्वयंपाकघरात वावरलेलं असतं. झाकण उडालं ते छताला लागलं, आणि मागोमाग पांढरा फेस फरशीवर, टेपवर, उस्तादांच्या चष्म्यावर. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं तर बाईंचे खांदे गदगदा हलत होते. उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, ठसका लागला? काय झालं? पुढे वाक, पुढे वाक!" ते धावले. बाईंनी मान हलवली. त्यांना काही लागलं नव्हतं. त्या हसत होत्या.

सोडा मात्र उस्तादांनी सोडला नाही. बाटली उघडी ठेवून निम्मा जोर जाऊ दिला, पूड लाकडी काडीनं हळूहळू ढवळली, बुडबुडे वर येऊन बसेपर्यंत थांबले, मगच पेल्यात मोजलं. त्या दिवशी बाईंनी पूर्ण पेला संपवला, आणि वजनकाट्यानं पंचेचाळीस पूर्णांक चार दाखवलं. मुलगा परगावी नोकरीला होता, तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा, "बाबा, स्वयंपाकाला बाई ठेवा, तुम्हाला जमणार नाही." त्या दिवशी उस्तादांनी त्याला आकडा सांगितला आणि फोन ठेवून दिला.

पण चांगलं चाललंय म्हणावं, तर दृष्ट लागते. पाकिटातली पूड संपली. औषधवाला म्हणाला, माल यायला पंधरा दिवस लागतील. उस्तादांनी ताईला फोन लावला, तर ती रजेवर. मग त्यांनी आपलं डोकं चालवलं. दुकानात मक्याचं पीठ मिळतं, कॉर्नफ्लॉर; त्यानं रस्सा दाट होतो हे शेजारणीनं सांगितलं. त्यांनी ते दुधात शिजवलं, गाळलं, निववलं, पेल्यात ओतलं. बेचाळीस! पहिल्याच फटक्यात बेचाळीस. उस्ताद स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी टेपवर मोठ्या अक्षरांत 'मका' लिहून खाली रेघ ओढली.

त्याच दिवसापासून ठसके सुरू झाले.

गंमत अशी की पहिला निम्मा पेला बाई नीट गिळायच्या. दहा चमचे, बारा चमचे, काही नाही. पेला अर्ध्याखाली गेला की मात्र खोकला. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मग बाई ओठ घट्ट मिटून घ्यायच्या आणि उरलेलं वाया जायचं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बाई चमचा दिसला की घाबरायला लागल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर रोज सहा वेळा पोळत होतं.

उस्तादांनी आधी उन्हाला दोष दिला. रंग तापला की पातळ होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी पेला गार पाण्याच्या वाडग्यात ठेवून भरवलं. ठसका लागलाच. मग मिक्सरवर राग काढला; पाती बोथट झाली म्हणून नवी आणली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग वाटलं, बाई अर्ध्या पेल्यानंतर थकत असतील. म्हणून अर्ध्यावर थांबून दहा मिनिटं विश्रांती दिली. त्यानं तर ठसका वाढला. या मधल्या दिवसांत वजन घसरून चव्वेचाळीस पूर्णांक सहावर आलं. रजेवरून परतलेली ताई घरी येऊन छाती तपासून गेली. "अजून साफ आहे," ती म्हणाली, "पण काका, असाच आठवडा गेला तर सहा आठवड्यांची वाट बघता येणार नाही. मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

ती गेल्यावर उस्ताद ओट्याशी उभे राहिले. खरं सांगायचं तर ते रडले. चाळीस वर्षं ज्या मापानं दगा दिला नाही, तेच माप बायकोच्या घशाशी खोटं ठरत होतं. रंग बिघडला असता तर घासून पुन्हा दिला असता. हे घासून पुन्हा देता येणार होतं थोडंच?

नाक पुसून त्यांनी मागे वळून पाहिलं. सकाळचा उरलेला अर्धा पेला मेजावर तसाच होता, चमचा आत. त्यांनी सहज तो पेला तिरका केला, आणि आतलं दूध एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पाण्यासारखं पळालं.

पातेल्यात त्याच खेपेचं उरलेलं होतं, ते अजून दाट होतं. तेच दूध, तीच सकाळ, तेच घर. एक घट्ट, एक पातळ. त्यांनी दोन्ही मापाच्या लहान पेल्यात मोजली. पातेल्यातलं एक्केचाळीस सेकंद. बाईंच्या पेल्यातलं नऊ.

"अगं," त्यांनी दोन्ही भांडी पलंगाशी नेऊन दाखवली, "हे बघ. याला झालंय काय?"

बाईंनी बघितलं. आजारात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत वर्गातली चमक आली. त्यांनी डावा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. मग पेल्याकडे बोट. तीन पेले.

उस्तादांनी ताजं मक्याचं दूध करून तीन पेल्यांत ओतलं. बाईंनी खुणेनं सांगितलं: पहिल्याला हात लावू नका. दुसऱ्यात स्वच्छ चमचा घालून ढवळत राहा. तिसऱ्यासाठी त्यांनी चमचा मागून घेतला, तोंडात धरला, आणि तो तसाच पेल्यात बुडवायला लावला. पुन्हा तोंडात, पुन्हा पेल्यात. अर्धा तास दोघं म्हातारी माणसं शाळेतल्या पोरांसारखी त्या पेल्यांभोवती बसून होती. मग मोजणी. पहिला एक्केचाळीस. दुसरा चाळीस. तिसरा दहा.

बाईंनी आपल्या ओठाकडे बोट नेलं. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला. "लाळ," त्या म्हणाल्या. आणि मग आणखी जोर लावून, "ब्रेड... चावला... गोड... चौथी."

उस्तादांना हळूहळू अर्थ लागला. ब्रेडचा तुकडा खूप वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळ त्यातला पिठूळपणा फोडते. हा धडा बाईंनी चौथीच्या वर्गाला एकतीस वर्षं शिकवला होता. तोंडातून पेल्यात परत जाणारा चमचा दर खेपेला थोडी लाळ नेत होता, आणि ती लाळ मक्याचं पीठ फोडून दूध पातळ करत होती. विश्रांतीच्या दहा मिनिटांत तर तिला आणखी सवड मिळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उत्तर समोर पलंगावर बसलं होतं आणि हे पाती बदलत बसले होते. चूक रंगाऱ्याची होती. रंग पेल्यात जितका दाट, तितकाच दारावर पडेपर्यंत राहतो. दार काही रंगाला उलट चाटत नाही.

ताईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "काका, मला हे सांगायला हवं होतं. पाकिटातली पूड वेगळी, तिला लाळेनं काही होत नाही. माझं चुकलं."

"चुकलं ते राहू द्या. लाळेनं न फुटणारं दुसरं काय आहे, ते सांगा."

ती दोन-तीन नावं सांगत होती, आणि उस्तादांच्या डोक्यात मात्र एक जुनी आठवण जागी झाली होती. त्यांच्या उमेदवारीच्या काळात लाकडाला जवसाचं तेल उकळून लावत. एकदा गोदामात जवसाचं पोतं भिजलं आणि जमिनीवर असा बुळबुळीत चिकट थर झाला की दोन धडधाकट माणसं एकामागोमाग आपटली. "ताई, जवस चालेल?"

"जवस? उकळून, गाळून... हो, चालायला हवं. पण मला दाखवल्याशिवाय देऊ नका."

उस्तादांनी जवस पाण्यात उकळला, फडक्यातून पिळून गाळला. अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा चिकट रस निघाला. तो केळ्याच्या दुधात घातला, प्रमाण वर-खाली करत अकराव्या खेपेला बेचाळीसवर आणला. बाईंनी चमचा तोंडात धरून पेल्यात बुडवला, अर्धा तास. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. ताईनं येऊन स्वतः पाहिलं, आपल्या सिरिंजमधून सोडून तपासलं, बाईंच्या गळ्यावर बोटं ठेवून वीस चमचे गिळताना बघितलं आणि म्हणाली, "द्या."

तरी उस्तादांनी भरवशावर सोडलं नाही. पेल्यातून थेट भरवणं बंद. लहान वाटीत चार चमच्यांपुरतं काढायचं, ते संपलं की वाटी आणि चमचा दोन्ही बदलायचे. दिवसाला छत्तीस चमचे धुतले जात. शेजारीण म्हणायची, "उस्ताद, एवढी भांडी तर खाणावळीत निघत नाहीत." उस्ताद म्हणायचे, "खाणावळीतला माणूस उपाशी उठला तर दुसरीकडे जातो." आणि पुन्हा नळाखाली हात. ठसके थांबले. बाईंची भीती जायला आणखी आठवडा लागला. एकेका चमच्याला उस्ताद त्यांच्याकडे बघत थांबायचे आणि त्या मान हलवायच्या, तेव्हाच चमचा पुढे जायचा. अशा मिळून किती माना हलल्या असतील, कोण जाणे. एवढं मात्र खरं, की नवऱ्यानं बायकोकडे इतक्या वेळा परवानगी मागितल्याचं त्या गल्लीत दुसरं उदाहरण नव्हतं.

सहा आठवडे संपले. इस्पितळात जाताना उस्तादांनी पिशवीत फ्लास्क घेतला, मापाचा पेला, चार वाट्या, आठ चमचे. बाईंना काट्यावर उभं करायला ताई आणि परिचारिका दोन बाजूंनी लागल्या. क्षणभर हात सोडले, आणि काट्यावरचे आकडे धावून स्थिर झाले. सत्तेचाळीस.

डॉक्टरनं छाती ऐकली. मग कागदावर जिथे नळीचं लिहिलं होतं तिथे आडवी रेघ मारली. "नको," तो बाईंना म्हणाला. "नळी नको."

उस्ताद उगाच पिशवीतले चमचे मोजू लागले. ताईचं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती आणि पट्ट्याचं टोक शेपटीसारखं लोंबत होतं.

"काका, तुम्ही या जरा काट्यावर."

"माझं कशाला? माझं एकाहत्तर. पंधरा वर्षं एकाहत्तर आहे."

"या तर खरं."

ते चढले. आकडा त्रेसष्टवर थांबला. उस्तादांनी पायाशी बघितलं, जणू उरलेलं कुठे सांडलंय का. या सहा आठवड्यांत आपण नेमकं काय खाल्लं हे त्यांना आठवूनही सांगता येईना. दिवसाकाठी सहा पेले, सहा गाळण्या, छत्तीस चमचे. मधे कुठेतरी ब्रेड असेल, कधी तोही नसेल.

खुर्चीत बसलेल्या बाईंचे ओठ हलत होते. हिशेब मनात करताना ते नेहमीच हलत. "मी... दोन वर," त्या म्हणाल्या. "तुम्ही... आठ खाली." मग त्यांनी नवऱ्याकडे ती नजर लावली, जिच्यापुढे एके काळी अख्खा वर्ग गप्प व्हायचा. "घरात... सहा... कमी."

"अगं, ते होईल भरून—"

"बसा."

उस्ताद बसले. बाईंनी डाव्या हातानं फ्लास्ककडे बोट केलं. ताईनं वाटीत ओतून दिलं, स्वच्छ चमचा दिला. डाव्या हातानं चमचा भरणं बाईंना जड गेलं. थोडं मांडीवर सांडलं, थोडं उरलं. हात सावकाश पुढे आला. उस्तादांनी तोंड उघडलं.

आणि त्यांचा चेहरा असा झाला की परिचारिका पुढे धावली. "काका, ठसका?"

"ठसका नाही हो!" उस्तादांनी कसंबसं गिळलं. "हे... अगं, हे तर वॉर्निश आहे! नुसतं वॉर्निश लागतंय!"

दाटपणा मोजला, गाठी पाहिल्या, गारवा पाहिला, लाळेचा प्रयोग केला; चव मात्र त्यांनी एकदाही घेतली नव्हती. रंगाची चव कोण घेतं? उलट कामावर असताना तोंडाला फडकं बांधून ठेवायची चाळीस वर्षांची सवय. आणि नाक तर थिनरनं केव्हाच मारून टाकलेलं. अकराव्या खेपेला बेचाळीस सेकंद साधायला त्यांनी त्यात जवसाचा रस इतका ओतला होता, की केळ्याचं नुसतं नाव उरलं होतं.

"हे तू रोज सहा पेले घेत होतीस?"

बाईंनी मान हलवली.

"तीन आठवडे? मग बोलली का नाहीस?"

बाई विचारात पडल्या. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला, आणि खोलीतल्या कुणीही त्यांना घाई केली नाही.

"तुम्ही... केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही."

उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. बाईंनी तोवर चमचा वाटीत घालून पुन्हा भरला होता, या खेपेला न सांडता.

"आ करा," त्या म्हणाल्या.